बियांवर अडून बसलेल्या कॉकाटीलला भाजी-पाल्याची सवय कशी लावायची

ठकी आमच्याकडे आली तेव्हा तीन वर्षांची होती. राखाडी रंगाची कॉकाटील मादी (कॉकाटील म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट), गालांवर फिकट नारिंगी ठिपके. वाटीतल्या सूर्यफुलाच्या बिया ती एकेक करून निवडायची आणि बाकीचे राळे चोचीने भिरकावून द्यायची. गाजराचा तुकडा ठेवला की पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तुरा ताठ करून बसायची. वजन भरलं १०४ ग्रॅम. डॉक्टरांनी तिच्या छातीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाड हाताला लागायला पाहिजे. इथे नुसती चरबी लागतेय." साधारणपणे कॉकाटीलचं वजन ८० ते १०० ग्रॅमच्या आत असतं.

त्यानंतरच्या चार महिन्यांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुमच्याकडे बजरीगर, कन्यूर किंवा आफ्रिकन ग्रे असा दुसऱ्या जातीचा पोपट असेल, तरी पायऱ्या याच. प्रमाण तेवढं बदलतं.

आधी एक महत्त्वाचं. आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट आणि मोठा पहाडी पोपट हे दोन्ही भारतातले वन्यपक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे ते पकडणं, विकणं, घरात पाळणं गुन्हा आहे. जखमी पोपट सापडला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हा लेख बाहेरच्या देशांतल्या, पिंजऱ्यातच पैदास झालेल्या पक्ष्यांसाठी आहे. आणखी एक गोष्ट: दुकानदार ज्याला "लव्हबर्ड" म्हणून देतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. डॉक्टरांना जात सांगताना घोळ नको म्हणून हे माहीत असू द्या.

तो हट्टी नाही, त्याला ओळख नाही

"भूक लागली की खाईल बरोबर." आमच्या सासूबाई हे म्हणाल्या, शेजारी म्हणाले आणि मलाही ते पटलं होतं. मुलांच्या बाबतीत ते चालत असेल. पोपटाच्या बाबतीत हे वाक्य जीवघेणं आहे. ज्या पिल्लाने पहिल्यापासून बियाच पाहिल्या, त्याच्या लेखी गाजर हे खाणं नाहीच. ती एक नारिंगी, अनोळखी वस्तू आहे. भरलेल्या भाजीच्या वाटीशेजारी तो उपाशी बसून राहू शकतो. एवढ्याशा जिवाचा शरीरातला साठा किती असणार? बजरीगर ३० ते ४० ग्रॅमचा असतो, त्याने दीड-दोन दिवस काही खाल्लं नाही तर तो दगावू शकतो.

मी स्वतः ही चूक केली. एका सोमवारी सगळ्या बिया काढून घेतल्या आणि वाटीत फक्त चिरलेल्या भाज्या ठेवल्या. तीन दिवसांत ठकी १०४ वरून ९५ वर आली. विष्ठा अगदी थोडी, काळपट हिरवी पडायला लागली. पोट रिकामं असल्याची ती खूण होती, पण मला ती तेव्हा वाचता आली नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी बिया परत द्यायला लावल्या. वजन कमी व्हायला हवं होतं हे खरं, पण ते महिन्यांत, दिवसांत नव्हे.

म्हणून या सगळ्या कामाचा पाया एकच: जुनं खाणं हळूहळू कमी होईल, पण नवं पोटात जातंय हे काट्यावर दिसल्याशिवाय जुनं निघणार नाही.

बियांनी बिघडतं काय

सूर्यफुलाच्या गरात जवळजवळ निम्मं तेल असतं. जंगलात दिवसाला कित्येक किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याला ते जिरवता येईल, पिंजऱ्यात दोन दांड्यांवर उड्या मारणाऱ्याला नाही. ती चरबी यकृतावर चढते. दुसरं म्हणजे बियांमध्ये अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच. ते कमी पडलं की नाकपुड्या, तोंड आणि घसा यांचं आतलं अस्तर जाड नि कोरडं होतं आणि जंतूंना वाट मिळते. सारख्या शिंका, नाकपुडीभोवती खपली, चोचीचे पापुद्रे हे सगळं तिथून सुरू होऊ शकतं. तिसरं कॅल्शियम. बियांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. मादीच्या बाबतीत हे फार जपावं लागतं, कारण कॅल्शियम कमी असेल तर अंडं आतच अडकू शकतं.

राळे आणि बाजरी त्या मानाने बरी, त्यांत तेल कमी असतं. दुकानात "कांगणी" मागितली की मिळतात ते राळेच. पण अ जीवनसत्त्वाचा प्रश्न त्यांनीही सुटत नाही.

पहिली पायरी: डॉक्टर, काटा आणि वही

पक्षी तपासणारे डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, फोनवर आधी विचारून घ्या. आजारी पक्ष्याचा आहार बदलायचा नसतो.

मग स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर एक छोटी दांडी किंवा वाटी ठेवून शून्य करा आणि पक्ष्याला त्यावर यायची सवय लावा. ठकी राळ्याच्या कणसाच्या एका तुऱ्यासाठी चौथ्या दिवशी आपणहून चढायला लागली. वजन रोज सकाळी, पहिली विष्ठा टाकून झाल्यावर आणि खाण्याच्या आधी. वेळ बदलली तर आकडा फसवतो.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. सकाळी वाटीत किती ग्रॅम बिया घातल्या, रात्री किती उरल्या, वजन किती. उरलेलं मोजताना वाटीवर हळूच फुंकर मारा. पोपट बी सोलून खातो आणि फोल वाटीतच टाकतो. वरून वाटी काठोकाठ दिसते, आत दाणा नसतो. भरलेली वाटी पाहून कुणी दाणे घालत नाही आणि पक्षी उपाशी राहतो. धान्य पाखडून घेतो तसं रोज पाखडा, मग खरं काय उरलं ते कळेल.

आठवड्याच्या शेवटी सरासरी वजन काढा. त्याच्या दहा टक्के खाली आकडा गेला की त्या क्षणी जुन्या खाण्यावर परत यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. मी ९४ हा आकडा लाल पेनाने वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवला होता.

दुसरी पायरी: वाटी दिवसभर नको

पोपट मुळात सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी खातात, मधला वेळ सावलीत काढतात. पिंजऱ्यात मात्र बियांची वाटी चोवीस तास लटकलेली असते, म्हणून खरी भूक अशी लागतच नाही.

बिया तेवढ्याच द्या, पण दोन वेळा करून. सकाळी उठल्यावर पहिला पाऊण तास नवं खाणं, त्यानंतर बिया. संध्याकाळी पुन्हा बिया, तासभर ठेवून उरलेल्या काढून घ्यायच्या. दुपारी काहीतरी चोचवायला पालेभाजीची जुडी. ही शिस्त बसायला आम्हाला दहा दिवस लागले. बजरीगरसारख्या अगदी छोट्या पक्ष्याला दुपारीही थोडे दाणे द्या.

तिसरी पायरी: मोड

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मोडांचा. आणि मोड आणणं मराठी घरात कुणाला शिकवायला नको.

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे तो जमिनीवर उतरून गवताचं बी खातो आणि ज्वारीच्या शेतातही उतरतो. पक्व, टणक दाण्यापेक्षा कोवळा, दुधाळ दाणा त्याला जास्त आवडतो. म्हणजे हुरडाच. हे कळल्यावर मी ठकीच्याच बिया भिजवायला सुरुवात केली. वास ओळखीचा, दाणा ओळखीचा, फक्त मऊ. कोरड्या बीपासून ताज्या भाजीपर्यंत जायला हा पूल आहे.

राळे, बाजरी, थोडे मूग रात्री भिजवा. सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सुती फडक्यात सैल बांधा, दुपारी एकदा पाणी मारा. पांढरं टोक डोकावलं की झालं. उसळीसाठी आणतो तेवढे लांब मोड नकोत. देण्याआधी पुन्हा धुवा, निथळवा. धान्य किराणा दुकानातलं घ्या, पेरणीचं बियाणं चुकूनही नको, त्याला औषध लावलेलं असतं. पावसाळ्यात मोड चिकट होतात, आंबूस वास येतो, ते सरळ टाकून द्या. पिंजऱ्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

मूग, मटकी, मसूर मोड आणून कच्चे चालतात. राजमा, पावटा, वाल असली मोठी कडधान्यं कच्ची अजिबात नकोत, ती पूर्ण शिजवूनच. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आपल्याकडे पोपटाला घालायची जुनी पद्धत आहे. अधूनमधून चार दाणे ठीक, रोजचं जेवण म्हणून नको.

आणि थंडीत हुरडा मिळाला तर बिनमिठाचा, न भाजलेला, चार-सहा दाणे नक्की द्या. आमच्याकडे त्या दिवशी तुरा आडवा पडतो आणि डोळे अर्धे मिटतात.

चौथी पायरी: ओली जुडी

मोड खायला लागला की पालेभाजी. ती चिरून वाटीत घालू नका. कोथिंबिरीची किंवा मेथीची अख्खी छोटी जुडी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून मग साध्या पाण्याने दोन-तीनदा स्वच्छ धुवा. पाणी तसंच निथळू द्या आणि कपड्याच्या चिमट्याने पिंजऱ्याच्या वरच्या जाळीला उलटी टांगा.

ठकी पहिले पाच दिवस तिच्याकडे बघायला तयार नव्हती. सहाव्या दिवशी दुपारी ऊन तापलं होतं. ती जुडीखाली गेली, पाठ ओल्या पानांना घासली, पंख अर्धे उघडले आणि चक्क अंघोळ केली. पानं फाटली, दोन थेंब चोचीवर आले. मग तिने एक देठ चोचीत धरला, इकडून तिकडे फिरवत चावला आणि टाकला. दुसरा घेतला. टाकला. तिसऱ्याचा अर्धा गेला. खाण्याची सुरुवात अशीच होते: आधी खेळ, मग चव, मग पोट. तुकडे खाली पडले म्हणून "वाया घालवतो" असं म्हणून बंद करू नका.

पाल्यात माझी पहिली पसंती शेवग्याच्या पानांना. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही त्यात भरपूर, आणि महाराष्ट्रात कुठेही फुकट मिळतात. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला हेही चांगलं. पालक आणि चुका महिन्यातून एखाद-दोनदाच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अळूचं पान कधीच नाही. माणसाच्या घशाला खाजतं ते याच ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे.

पाचवी पायरी: तांबडा भोपळा, गाजर आणि तुमचं बोट

भाज्यांसाठी साधा नियम: आतून जेवढी गडद नारिंगी किंवा हिरवी, तेवढी उपयोगाची. तांबडा भोपळा, गाजर, उकडलेलं रताळं, लाल ढोबळी मिरची, कोवळी गवार. काकडी आणि कोबी चालतात, पण त्यात फारसं काही नाही. पोपटाला मिरची तिखट लागत नाही, कारण मिरचीतल्या कॅप्सेसिनची आग पक्ष्यांना जाणवतच नाही. लाल मिरचीचे तुकडे कित्येकदा गाजराच्या आधी पास होतात.

चिरताना पक्षी बघा. कॉकाटील आणि बजरीगर सहसा पायात धरून खात नाहीत, त्यांना बारीक किसलेलं किंवा तांदळाच्या दाण्याएवढं चिरलेलं हवं. कन्यूर आणि आफ्रिकन ग्रे पंजात धरतात, त्यांना बोटाएवढी कांडी द्या. पोपटाच्या तोंडात चव ओळखणाऱ्या रुचिकलिका जेमतेम साडेतीनशे, माणसाच्या जिभेवर हजारो. म्हणून चवीइतकंच तुकड्याचा आकार, रंग आणि चोचीत तो कसा लागतो याला महत्त्व असतं. गाजर किसून नाकारलं तर चकत्या करा, चकत्या नाकारल्या तर वाफवून कोमट द्या. एकाच भाजीला पंधरा-वीस वेळा संधी मिळायला हवी.

पण खरी किल्ली इथे आहे: पोपट एकटा जेवत नाही. थव्यातले बाकीचे काय खातात ते बघून तो शिकतो, आणि घरात थवा म्हणजे तुम्ही. मी जमिनीवर फडकं अंथरायचे, स्टीलची ताटली ठेवायचे, त्यात किसलेलं गाजर आणि भोपळा, वर मोडाचे दहा-बारा दाणे. ताटलीच्या कडेला बसून मी गाजर खायचे आणि तर्जनीने ताटलीत टकटक करायचे, चोच मारल्यासारखी. ठकी आधी दूर उभी राहायची. मग ताटलीभोवती फेरी. मग मोडाचा दाणा उचलताना गाजराचा कीस चोचीला चिकटायचा आणि ती डोकं झटकायची. एकोणिसाव्या दिवशी तिने डोकं झटकलं नाही.

त्या बारीक चावण्याचा आवाज मला अजून आठवतो.

दोन पक्षी असतील आणि त्यातला एक खाणारा असेल, तर तुमचं निम्मं काम तोच करेल.

सहावी पायरी: पेलेट

सगळी पोषणद्रव्यं एका तुकड्यात बसवलेलं तयार खाद्य म्हणजे पेलेट. यात निवडानिवड करता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. आपल्या पक्ष्याच्या आकाराचं, शक्यतो बिनरंगाचं घ्या, कारण रंगीत पेलेटने विष्ठेचा रंग बदलतो आणि आजार ओळखणं अवघड होतं.

सुरुवातीला पेलेट कुटून पूड करा आणि ओल्या मोडांवर भुरभुरा. आठ-दहा दिवसांनी कोमट पाण्यात भिजवलेला अख्खा पेलेट मोडांत मिसळा, मग कोरडा, बियांबरोबर. बियांचं प्रमाण आठवड्याला साधारण दहाव्या हिश्श्याने कमी करा, तेही वजन स्थिर असेल तरच. वजन घसरलं तर त्या आठवड्यात तिथेच थांबा. तरुण पक्षी दीड-दोन महिन्यांत वळतो, म्हाताऱ्याला सहा महिनेही लागतात.

कॉकाटील आणि बजरीगर हे बी खाणारे पक्षी आहेत, त्यांच्या बिया पूर्ण बंद करू नका. निम्मं पेलेट, पाव हिस्सा भाजी-पाला-मोड आणि पाव हिस्सा बिया, हे आमच्याकडे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं प्रमाण. मोठ्या पोपटांत पेलेट साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातं आणि बिया फक्त बक्षीस म्हणून उरतात. लोरी हा पोपट मकरंद खाणारा आहे, त्याला यातलं प्रमाण लावू नका.

फळ थोडंच: पेरू, पपई, डाळिंबाचे दाणे, नखाएवढा आंबा. सफरचंद आणि सीताफळ बिया काढून.

पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वाचे थेंब घेऊ नका. पाण्याची चव बदलते म्हणून पक्षी पाणी कमी पितो, जंतू वाढतात आणि किती औषध पोटात गेलं ते कळत नाही. वाळूचीही गरज नाही, पोपट बी सोलून खातो. समुद्रफेसाचा (कटलफिश या सागरी प्राण्याच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा मात्र कायम टांगलेला असू द्या. आणि सकाळचं कोवळं ऊन, निम्मा पिंजरा सावलीत ठेवून, काचेआडून नव्हे. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते, आणि ड नसेल तर समुद्रफेसातलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

हे कधीच नको

अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, लसूण. बुरशीचा जरासाही संशय असलेले शेंगदाणे. फरसाण, शेव, वेफर्स, लोणचं, म्हणजे एकूणच मीठ. चहात बुडवलेलं बिस्किट घराघरांत पोपटाला मिळतं आणि तो ते हावरटासारखा खातो, म्हणूनच ते बंद करणं जड जातं. पाहुण्यांना मी दारातच सांगते. दूध पचत नाही. बिनमिठाच्या पोळीचा एखादा तुकडा चालेल. खाण्याशी थेट संबंध नाही, पण नॉनस्टिकचा तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्षी असलेल्या घरात लोखंडी तवाच असावा.

कधी थांबायचं

विष्ठेत तीन भाग असतात: हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी. भाज्या सुरू झाल्यावर पाणी वाढतं, ते जुलाब नव्हेत. घट्ट भाग अगदी कमी झाला, काळपट हिरवा झाला किंवा दिसेनासाच झाला तर पोटात काही जात नाहीये. पिसं फुलवून दिवसा झोपणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होणं ही आजाराची लक्षणं आहेत. कालपर्यंत खाणारा पक्षी आज अचानक खात नसेल तर त्याला नखरा समजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिसं झडण्याच्या दिवसांत आणि मादी अंडी घालत असताना कोणताही बदल पुढे ढकला.

ठकीचं वजन आता ९५ च्या आसपास असतं, आणि छातीचं हाड बोटाला लागतं. पहिल्या वेळी तीन दिवसांत ती याच आकड्यावर आली होती, या वेळी सोळा आठवडे लागले.

गावाला जाताना पक्षी कुणाकडे ठेवणार असाल तर पेलेटबरोबर बियांची पिशवी आणि काटाही द्या. परक्या घरात तो पुन्हा फक्त बिया खाईल, खाऊ द्या. वजन सांभाळायला सांगा, फोल फुंकायला शिकवून जा. परत आल्यावर आठवडाभर ताटलीशेजारी बसावं लागतं, एकोणीस दिवस नाही.